एडब्ल्यूएस, अझ्युर की गुगल? दुसऱ्याच्या हाती सोपवता येईल असं क्लाउड सांगा

मांजराकाठ (लातूर)

राम राम मंडळी.

लातुरात आमचं छोटं सॉफ्टवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाइकं म्हणजे कोचिंग क्लासेस (हजेरी, टेस्टचे मार्क, पालकांना मेसेज), काही आडत दुकानांचे हिशोब आणि एक पतसंस्था. आजवर सगळं एका ओळखीच्या होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर होतं. तो आता धंदा आवरता घेतोय, म्हणून आमचं बाडबिस्तार क्लाउडवर, म्हणजे ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्टचं अझ्युर नाहीतर गुगल यांच्या भाड्याच्या सर्व्हरवर, न्यायचं आहे.

कुठलं स्वस्त, कुठलं महाग याचे तक्ते नेटवर ढिगानं पडलेत. ते नकोत. माझी अडचण वेगळी आहे. आमच्याकडं पोरं टिकत नाहीत. पॉलिटेक्निक झालेलं पोरगं येतं, काम शिकतं, हात बसला की हिंजवडीची वाट धरतं. तक्रार नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. पण दरवेळी त्याच कन्सोलसमोर (सर्व्हर सांभाळायच्या स्क्रीनसमोर) नवा माणूस बसतो आणि "सर, हे काय चालू आहे? बंद केलं तर चालतंय का?" इथून सुरुवात.

तर सांगा, ज्यानं स्वतः उभारलेलं नाही अशा माणसाला काय चालू आहे, कुठं आहे आणि कशाचे पैसे लागायलेत, हे कुठल्या कन्सोलवर लवकर उमगतं? तिघांचीही मोफत खाती काढून थोडी चाचपणी केली आहे. वरवरचं मत असं: गुगल सुटसुटीत, अझ्युर भरगच्च, एडब्ल्यूएसमध्ये सगळं आहे पण कुठं आहे ते विचारू नका.

इथं लाइट गेली की राउटरही जातो, मग हॉटस्पॉटवर नाहीतर थेट फोनवरच काम, हे ध्यानात ठेवून सांगा. आणि बिल रुपयांत, जीएसटी नंबरासकट पाहिजे.

हुरडा_पार्टी

खुर्ची पुढं ओढून बसलोय. आता एडब्ल्यूएसवाले येतील बघा.

शेंद्रा_एमआयडीसी (छत्रपती संभाजीनगर)

आलो. :)

ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात आयटी बघतो, आमचं सगळं एडब्ल्यूएसवर आहे. तुमचं वरवरचं मत बरोबर आहे, पण त्यावरून निवड करू नका. एस३ (फाइली ठेवायची जागा) आणि ईसी२ (भाड्याचे सर्व्हर) या सेवा २००६ च्या. तेव्हापासून एकेक सेवा वाढत गेली, प्रत्येकीची टीम वेगळी, त्यामुळे एका सेवेतला डावीकडचा मेनू दुसरीत गेलं की पार बदलतो. सवय होते.

नव्या माणसाला चकवणारी खरी जागा वर उजव्या कोपऱ्यात आहे, ती म्हणजे रीजन, सर्व्हर जिथं ठेवलेत तो भाग. तिथं मुंबई असेल तर मुंबईतलेच सर्व्हर दिसणार. कुणी व्हर्जिनियात काही चालू ठेवलं असेल तर इथली यादी रिकामी आणि बिल मात्र चालू. त्यावर ईसी२ ग्लोबल व्ह्यू नावाचं पान आहे. सगळ्या रीजनमधले इन्स्टन्स (म्हणजे सर्व्हर), डिस्का, नेटवर्क एका तक्त्यात दिसतात. नव्या पोराला पहिल्याच दिवशी ते बुकमार्क करून द्या. रूट (मालकाच्या) खात्याला एमएफए, म्हणजे पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप, लावा आणि रोजच्या कामाला रूट वापरूच नका, हे वेगळं सांगायला नको.

गोदातीर (नांदेड)

शेंद्रा, तुम्हीच बोलून गेलात की! जे पान बुकमार्क करून द्यावं लागतं ते पहिलं पान असायला हवं होतं.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना क्लाउडचं प्रॅक्टिकल घेते, म्हणजे धागाकर्त्याचं "नवं पोरगं" मला दरवर्षी वर्गभर भेटतं. अझ्युरमध्ये काहीही तयार करायला गेलं की आधी रिसोर्स ग्रुप (एका कामाच्या वस्तूंचं गाठोडं) विचारतं, त्याशिवाय पुढं जाऊच देत नाही. मुलं वैतागतात. पण प्रॅक्टिकल संपलं की तो एक ग्रुप काढायचा. त्यातली व्हीएम (क्लाउडवरचा सर्व्हर), डिस्क, नेटवर्क कार्ड, आयपी (नेटवरचा पत्ता) सगळं एकदम जातं. काढण्याआधी ग्रुपचं नाव टाइप करायला लावतं, त्यामुळे चुकून बोट लागून काही उडत नाही. इतर ठिकाणी व्हीएम काढली तरी तिची चिल्लीपिल्ली मागं उरतात का, हे शोधत बसावं लागतं.

आणि ऑल रिसोर्सेसच्या पानावर रीजनची भानगडच नाही, सगळं एका यादीत. फक्त रीजनच्या नावांत शहरं शोधू नका. सेंट्रल इंडिया म्हणजे पुणे, वेस्ट इंडिया म्हणजे मुंबई, साउथ इंडिया म्हणजे चेन्नई.

मुलांना शिकायचं असेल तर अझ्युर फॉर स्टुडंट्समध्ये १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं आणि कार्ड लागत नाही. हे फार मोठं आहे. आमच्या वर्गात क्रेडिट कार्ड कुणाच्या घरी असतं? मात्र कॉलेजचा ईमेल लागतो, आणि ग्रामीण भागातल्या किती कॉलेजांनी मुलांना तो दिलाय हे विचारू नका.

हुरडा_पार्टी

पुणे हे भारताचं केंद्र आहे, हे मायक्रोसॉफ्टनंही मान्य केलं तर! पुणेकरांना आता कोण आवरणार?

कापूसकोंड्या (परभणी)

मॅडम, समदं खरं, पण ते अझ्युरचं पोर्टल, म्हणजे त्यांचं कन्सोल, एकदा फोनवर उघडून बघा. एका पानावर बोट ठेवलं की उजवीकडून दुसरं पान सरकत येतंय, त्यावर तिसरं. हातभर स्क्रीनवर ठीक आहे, फोनवर मागं कसं जायचं तेच उमगत नाही. तक्त्यात नावाचा रकाना दिसतो, बाकीच्यासाठी बोटानं ओढत बसा.

तिघांचीही मोबाइल ॲप आहेत म्हणा. सर्व्हर चालू-बंद करायला, अलर्ट बघायला पुरतात. नवीन काही उभारायचं असेल तर ॲपचा नाद सोडा.

मला गुगलचं आवडतं ते एका बटणासाठी. व्हीएमच्या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एसएसएच (दुरून सर्व्हरात शिरायची वाट) लिहिलेलं बटण आहे. दाबलं की ब्राउझरातच काळी खिडकी उघडते. पीईएम फाइल (सर्व्हरची किल्ली) कुणाच्या लॅपटॉपात राहिली, पुट्टी कुठं मिळतं, सीएचमॉड ४०० केलं का, काही नाही. जुनं पोरगं किल्ली घेऊन हिंजवडीला गेलं तरी नव्याचं अडत नाही. शिवाय क्लाउड शेल (ब्राउझरातच कमांड द्यायची जागा) आहे, त्यात स्वतःची ५ जीबी जागा. शेतात बसून हॉटस्पॉटवर लॉग बघितलेत मी.

शेंद्रा_एमआयडीसी

कापूसकोंड्या, ते बटण आता आमच्याकडंही आहे की राव. सेशन मॅनेजर २०१८ पासून, इन्स्टन्स कनेक्ट २०१९ पासून. ब्राउझरातूनच आत जाता येतं.

कापूसकोंड्या

आहे ना. पण सेशन मॅनेजरला आधी इन्स्टन्सला रोल (परवानगी) जोडा, इन्स्टन्स कनेक्टला सिक्युरिटी ग्रुपात (सर्व्हरच्या पहाऱ्यात) पोर्ट उघडा. नव्या पोराला बटण दिसतंय, दाबतंय, अन् लाल पट्टी येती. मग ते सरांना फोन करतंय. सर लग्नात.

बालाघाट (धाराशिव)

एक बाळबोध प्रश्न. नकाशावर लातूर-नांदेडहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे. एडब्ल्यूएसनं हैदराबादला २०२२ मध्ये रीजन सुरू केलं. मग सगळे मुंबई मुंबई कामून करायलेत?

तेरणामाई

१७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो की हो हैदराबादेतून! आता डेटा घेऊन परत निघालात?

बालाघाट

हाहाहा. निजामापेक्षा सारा कमी लावत असतील तर बघू म्हटलं.

शेंद्रा_एमआयडीसी

तेरणामाई, लय भारी.

बालाघाट, दोन गोष्टी. २०१९ च्या मार्चनंतर आलेली एडब्ल्यूएसची रीजन खात्यात मुळात बंद असतात, आधी खात्याच्या सेटिंगात जाऊन चालू करावी लागतात. मुंबईचं २०१६ चं, म्हणून ते पहिल्यापासून चालू. आणि नकाशावरचं अंतर आणि नेटवरचं अंतर यांचा फार संबंध नसतो. तुमच्या ब्रॉडबँडवाल्याचा माल कुठून बाहेर पडतो त्यावर सगळं. ट्रेसरूट (डेटाची वाट दाखवणारी कमांड) मारून बघा.

मांजराकाठ

मारून बघितलं. आमच्या लाइनीवरून पाकीट आधी मुंबईला जातं आणि तिथून हैदराबादला येतं. म्हणजे निजामाकडं जायचं तर मुंबईची परवानगी घेऊनच.

बारदाना (बीड)

मंडळी, क्लासेसची हजेरी आणि आडतीचा हिशोब एवढ्यासाठी तिघा पैलवानांना कशाला उठवायलात? ॲमेझॉनचंच लाइटसेल घ्या, नाहीतर डिजिटलओशन, त्यांचं बंगळुरात सेंटर आहे. सर्व्हर बनवतानाच महिन्याचा आकडा समोर मोठ्या अक्षरांत. रीजन, व्हीपीसी, सबनेट (नेटवर्कची आखणी), आयएएम (कुणाला काय हक्क) यांचा गुंता नाही. नव्या पोराला चहा प्यायच्या आत कळतं. यूएक्स यूएक्स (वापरणाऱ्याची सोय) म्हणतात ते हेच.

गोदातीर

बारदाना, सहमत, पण अर्धी. तो मोठ्या अक्षरांतला आकडा सर्व्हर बंद ठेवला तरी लागतच राहतो, लाइटसेलवरही आणि डिजिटलओशनवरही. जागा तुमच्यासाठी अडवलेली असते म्हणून. पूर्ण काढून टाकला तरच मीटर थांबतं. "बंद केलंय म्हणजे पैसे वाचले" असं कुणालाही वाटणारच.

याबाबतीत आमचं अझ्युरही धुतल्या तांदळासारखं नाही. तिथं बंद असण्याचेच दोन प्रकार. विंडोजच्या आत जाऊन शट डाउन केलं तर पोर्टलवर "स्टॉप्ड" दिसतं आणि कॉम्प्युटचे (सर्व्हर चालवायचे) पैसे चालू राहतात. पोर्टलवरच्या स्टॉप बटणानं बंद केलं तर "स्टॉप्ड", आणि पुढं कंसात "डीॲलोकेटेड". तेव्हा कुठं कॉम्प्युटचे पैसे थांबतात, डिस्कचे तरीही लागतात. एवढा मोठा फरक कंसातल्या एका शब्दावर ठेवलाय! परीक्षेत हा प्रश्न मी हमखास घालते.

हुरडा_पार्टी

पेपर फुटला.

आडत्याची_लेक (जालना)

मी टेक्निकल नाही. पण आमच्या ऑफिसात तिन्ही क्लाउडची बिलं माझ्या टेबलावर येतात, म्हणून लिहिते. धागा वाचताना जाणवलं की सगळे स्क्रीनबद्दल बोलताहेत, आणि मूळ प्रश्नात "कशाचे पैसे लागायलेत" हेही आहे.

आमच्या घरी आडत. शेतकऱ्याला पट्टी देतो त्यात वजन, भाव, हमाली, तोलाई वेगवेगळी आणि खाली हातात येणारी रक्कम. बैलगाडीवर बसल्या बसल्या तो हिशोब ताडून बघतो. क्लाउडचं बिल दिसायला तसंच: सर्व्हरची एक ओळ, डिस्कची एक, आयपीची एक, बाहेर गेलेल्या डेटाची एक. पण माल कुणाचा ते पट्टीवर नाही! कुठला सर्व्हर क्लासचा आणि कुठला पतसंस्थेचा, हे बिलाला माहीतच नसतं.

ते माहीत करून द्यायची सोय तिघांकडं वेगवेगळी. गुगलमध्ये सगळं कुठल्या ना कुठल्या प्रोजेक्टात असतं, त्यामुळे बिल आपोआप प्रोजेक्टनिहाय फोडून दिसतं. अझ्युरमध्ये रिसोर्स ग्रुपनिहाय. एडब्ल्यूएसमध्ये टॅग (नावाच्या चिठ्ठ्या) लावावे लागतात, आणि नुसते लावून भागत नाही, बिलिंगमध्ये जाऊन ते टॅग हिशोबासाठी चालू करावे लागतात. त्याआधीच्या खर्चावर टॅग आपोआप उमटत नाही. नाहीतर प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं खातं काढून ऑर्गनायझेशन्स या सोयीखाली एकत्र बांधायचं. मोठ्या कंपन्या तेच करतात.

काही बारीक गोष्टी. १ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएसवर प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. मोठ्या बिलात दिसत नाही, छोट्यात डोळ्यावर येतं. रुपयांत बिल तिघेही देतात, पण टॅक्स सेटिंगमध्ये जीएसटी नंबर पहिल्याच दिवशी भरा, नाहीतर इनपुट क्रेडिटला मुकाल. आणि कार्डावरचं आपोआप पेमेंट १५,००० रुपयांच्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दरवेळी ओटीपी लागतो. तो ओटीपी मालकाच्या फोनवर येतो आणि मालक मोंढ्यात असतो.

मांजराकाठ

ताई, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावतो.

तेरणामाई

+१. "माल कुणाचा ते पट्टीवर नाही" हे जबरी.

औसेकर_हिंजवडीकर

नमस्कार. हिंजवडीची वाट धरलेलं पोरगं बोलतंय. :)

सर, दुसरी बाजू ऐका. लातुरातल्याच एका ऑफिसात मी असाच नवा म्हणून बसलो होतो. अडचण कन्सोलची नव्हती. सर्व्हरची नावं "टेस्ट", "न्यू", "न्यू-फायनल" आणि "डिलीट-नका-करू" अशी होती. यातलं लाइव्ह कुठलं हे जगातलं कुठलंही कन्सोल सांगू शकत नाही.

त्यामुळे कन्सोलवर बसवूच नका. टेराफॉर्ममध्ये (सर्व्हरची मांडणी मजकुरात लिहायचं साधन) सगळं लिहून गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवा. नवा माणूस फाइल वाचेल. काय चालू आहे, कुठं आहे, सगळं मजकुरात. प्लॅटफॉर्म कुठलाही असो, वाचायची पद्धत तीच.

बारदाना

आली बघा पुण्याची हवा. अरे बाबा, ज्या पोराला गिट पुल आणि पुशमधला फरक सांगावा लागतो त्याला टेराफॉर्मची स्टेट फाइल कोण समजावणार? तू येणार का दर शनिवारी लातूरला?

औसेकर_हिंजवडीकर

आई हुरडा खायला बोलवत असते, तेव्हा येतो तसाही. :)

पण काका, मधला मार्ग आहे. गुगलमध्ये व्हीएम तयार करायचा फॉर्म भरला की खाली "इक्विव्हॅलंट कोड" अशी लिंक असते. तुम्ही माउसनं जे जे निवडलं त्याचा कमांड तयार मिळतो. अझ्युरमध्ये शेवटच्या रिव्ह्यूच्या पानावर टेम्प्लेट डाउनलोड करता येतं. एडब्ल्यूएसनंही ईसी२ साठी कन्सोल-टू-कोड आणलंय. पोरगं आधी माउसनं करेल, कोड बघेल, हळूहळू शिकेल. मी गुगलचंच बघून शिकलो. फॉर्म भरताना उजवीकडं महिन्याच्या खर्चाचा अंदाज बदलत जातो, तेही शिकवतं. डिस्क वाढवली की आकडा तिथल्या तिथं वाढतो. एडब्ल्यूएसमध्ये इन्स्टन्सच्या प्रकारासमोर तासाचा दर दिसतो, पण सगळं मिळून महिन्याचं किती, त्यासाठी वेगळा प्राइसिंग कॅल्क्युलेटर उघडून तेच परत भरा.

कापूसकोंड्या

गुगलची एवढी तारीफ केली, आता एक काडी माझीच. मी ओलावा मोजायच्या सेन्सरचं काम करतो. गुगलची आयओटी कोअर म्हणून अशी यंत्रं नेटला जोडणारी सेवा होती. २०२२ च्या ऑगस्टात बंद करणार म्हणून सांगितलं आणि १६ ऑगस्ट २०२३ ला बंद. एक वर्ष दिलं म्हणा. पण शेतात खांबावर चढवलेल्या डब्यात पत्ता बदलायचा म्हणजे काय, हे कॅलिफोर्नियात बसून कसं कळणार? एडब्ल्यूएस दिसायला कसंबी असू दे, जुन्या सेवा सहसा चालू ठेवतात. पडद्यावरची सोय एकीकडं, अन् पाच वर्षांनी तो पडदा असणार का, हे एकीकडं.

शेंद्रा_एमआयडीसी

अखेर परभणीहून न्याय मिळाला.

हुरडा_पार्टी

२० ऑक्टोबर २०२५, ऐन दिवाळी, व्हर्जिनियात एडब्ल्यूएसच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधायच्या यंत्रणेचा) घोळ आणि अर्धं जग बंद. तेव्हा कुठं होता शेंद्राभाऊ?

शेंद्रा_एमआयडीसी

फराळ करत होतो. आमचं मुंबईत आहे. आणि त्यानंतर नऊच दिवसांनी, २९ तारखेला, अझ्युरचं फ्रंट डोअर (वेबसाइटवर येणारी वर्दळ वाटणारी सेवा) पडलं, तेव्हा पोर्टलच उघडेना. १२ जूनला गुगलचं झालं होतं. या हिशोबात कुणीच सोवळा नाही, तो विषय सोडा.

मांजराकाठ

मंडळी, सगळ्यांचं वाचून एक प्रयोग केला. आमच्याकडं नुकतीच एक मुलगी लागली आहे, पॉलिटेक्निकची, हुशार, पण क्लाउड कधी बघितलेलं नाही. तिन्ही सराव खात्यांवर सारखीच मांडणी केली: एका क्लासचा सर्व्हर, एका आडतीचा, दोन वेगळ्या रीजनमध्ये. तिला मर्यादित हक्कांचा युजर दिला आणि सांगितलं, आडतीचा सर्व्हर शोध, त्याचा आजवरचा खर्च सांग, बंद करून परत चालू कर आणि वेबसाइट उघडते का बघ. मी मागं बसून राहिलो, तोंड उघडायचं नाही असं ठरवून.

एडब्ल्यूएसवर तिनं वरच्या शोधपट्टीत "सर्व्हर" टाइप केलं. भलतंसलतं आलं. ईसी२ म्हणजेच सर्व्हर हे तिला कुणी सांगितलेलंच नाही! शेवटी मला सांगावं लागलं. आत गेल्यावर क्लासचा दिसला, आडतीचा नाही. "सर, तो उडाला." रीजनचा कोपरा तिला अजिबात दिसला नाही. खर्चाच्या पानावर गेली तर परवानगी नाही. नंतर बघितलं तर रूट खात्यातून एक स्विच चालू केल्याशिवाय आयएएम युजरला बिलिंग दिसतच नाही, हक्क दिलेले असले तरी.

गुगलवर सर्व्हर लगेच सापडला, दोन्ही रीजनमधले एकाच यादीत. खर्चावर अडली, कारण बिलिंग अकाउंट ही वेगळी चीज, प्रोजेक्टवर दिलेल्या हक्कांनी तिला ते उघडलं नाही. बंद-चालू सहज केलं. वेबसाइट मात्र उघडेना, कारण आयपी बदलला. एडब्ल्यूएसवरही, सर्व्हर दाखवून दिल्यावर, तेच झालं. दोन्हीकडं कायमचा पत्ता वेगळा घेऊन जोडावा लागतो आणि तो मी मुद्दाम घेतला नव्हता, बघायचं होतं की बंद करताना कुणी सावध करतं का.

अझ्युरवर सुरुवातीला ती गडबडली. पहिल्या पानावर इतकी चित्रं की कुठं बघावं कळेना. पण रिसोर्स ग्रुपांत "आडत" नावाचा ग्रुप दिसला, आत गेली, आणि डावीकडच्या मेनूत तिथंच कॉस्ट ॲनालिसिस. आकडा वाचून दाखवला. सर्व्हर बंद केला, कंसातला शब्द मोठ्यानं वाचला (गोदातीर मॅडम, तुमची आठवण झाली), चालू केला आणि वेबसाइट उघडली. तिथला आयपी स्टँडर्ड प्रकारचा असल्यानं तसाच राहतो.

म्हणजे मला सगळ्यात गचाळ वाटलेलं तिला सगळ्यात आधी जमलं, आणि सगळ्यात सुटसुटीत वाटलेलं मधेच अडलं. सध्या मन अझ्युरकडं झुकलंय. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक रिसोर्स ग्रुप, नावं औसेकरांच्या धाकानं नीट.

गोदातीर

निकाल आवडला, पण प्रामाणिकपणे सांगते: ग्रुपला "आडत" नाव तुम्ही दिलं होतं म्हणून तिला सापडलं. गुगलवर प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा प्रोजेक्ट आणि तिला बिलिंग व्ह्यूअर दिला असता तर तिथंही जमलं असतं. बाकी तोंड न उघडता मागं बसणं ही परीक्षा माझ्या वर्गात घेणार आहे.

कापूसकोंड्या

फोनचं काय केलं, ते नाही सांगितलं.

मांजराकाठ

फोनवर पोर्टल नाही, फक्त ॲप. लाइट नसताना चालू-बंद आणि अलर्ट, बाकीचं लाइट आल्यावर. तुमच्या त्या सरकत्या पानांचा अनुभव घेतला, नको रे बाबा.

शेंद्रा_एमआयडीसी

मांजराकाठ, निर्णय तुमचा, पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नाही. पोरं तुमच्याकडं येतात कशासाठी? पुढं नोकरी मिळावी म्हणून. इथल्या मुलाखतींत मला पहिला प्रश्न एडब्ल्यूएसचाच ऐकू येतो. अझ्युर ठेवलंत तर काही पोरं यायचीच नाहीत.

औसेकर_हिंजवडीकर

हे खरं आहे. बँकांची, मोठ्या कंपन्यांची कामं असतील तिथं अझ्युरही भरपूर चालतं, पण रेझ्युमेवर पोरांना आधी एडब्ल्यूएस लागतं.

मांजराकाठ

म्हणजे पोरं लवकर जावीत यासाठी मीच एडब्ल्यूएसचं बिल भरू? वा रे न्याय!

आडत्याची_लेक

मांजराकाठ, एक सांगायचं राहिलं. खातं ज्या ईमेलवर आणि मोबाइलवर काढलंय ते पोराचे नाहीत ना, बघून घ्या. एमएफए त्याच्या फोनवर आणि पोरगं पुण्यात, असं झालं की कन्सोल कितीही चांगलं असो, दारातच अडकाल. दुकानाच्या नावाचा ईमेल, मालकाचा नंबर, आणि एमएफए एकाहून जास्त यंत्रांवर.

मांजराकाठ

ताई, तिन्ही सराव खाती माझ्याच ईमेलवर आहेत. खरं खातं दुकानाच्या ईमेलवर काढतो.

मोसंबी_बाग (जालना)

धागा छान चाललाय. आमच्या दुकानाची टॅली क्लाउडवर टाकायची आहे, दोन ठिकाणांहून चालवायला. यातलं कुठलं बरं पडेल?

गोदातीर

टॅलीला विंडोज लागतं. तिन्ही ठिकाणी विंडोजच्या व्हीएमचा तासाचा दर लिनक्सपेक्षा जास्त, कारण लायसन्स त्यातच धरलेलं असतं. शिवाय एका वेळी किती जण रिमोट डेस्कटॉपनं आत जाणार त्यावर वेगळं लायसन्स लागू शकतं. नवा धागा काढा, किती जण आणि किती तास वापरणार ते लिहा, तिथं बोलू.